खाच

व्हर्लीन आली मंगळवारी, मी दुकानाचं कुलूप शोधत असताना,
पावाच्या कागदात गुंडाळलेला चाकू घेऊन.
माझ्या बापाचा, म्हणाली. म्हणजे आता होबार्टचा.
मी दिवा खाली ओढला.

दोन पात्यांचा. मूठ शिंगाची,
दूरदेशीच्या कुठल्या सांबराची,
बोटी भरभरून शिंगं यायची त्या दिवसांतली.
पात्याच्या मुळाशी छाप, बंद पडलेल्या कारखान्याचा.
उघडला. टक्.
अर्ध्यावर थांबला, पुन्हा टक्.
जुने चाकू असे बोलतात.
आम्ही गोळा करणारी माणसं आधी कान लावतो.

माझ्याकडे एकशे त्रेचाळीस आहेत,
सिगारच्या खोक्यांत, तेलाचं बोट फिरवलेले.
एकानेही आजवर सफरचंद पाहिलेलं नाही.
मोडके मात्र मी बाजारातून पिशवीने आणतो:
तुटलं टोक घासून मेंढीच्या खुरासारखं करतो,
तडकलेलं हाड काढून अक्रोडाचं लाकूड बसवतो,
एकाची स्प्रिंग दुसऱ्याच्या पोटात.
त्यांचं काय बिघडायचं राहिलंय?

पण हा.
मी आकडा सांगितला. नऊशे डॉलर,
कुठल्याही शनिवारी, रोख.
ती म्हणाली, मला याला खाच पाडून हवी.

मुठीच्या कडेला, अंगठा मावेल एवढी, अर्ध्या चंद्राची.
म्हणजे पातं चिमटीत धरून ओढता येतं,
नखाने उचकटावं लागत नाही.
"फेब्रुवारीपासून उजवा हात नुसता धरतो,
डाव्याच्या नखात जोर नाही.
रोज दुपारी चाकू माझ्यापुढे करतो,
आणि मी उघडेपर्यंत
खिडकीबाहेर बघत बसतो."

खाचेचा दुसरा देतो, म्हणालो. फुकट.
"दुसरा घेऊन तो काय करील, डेलबर्ट?
लग्नाच्या दिवशी बापाने त्याला हा दिला,
एक सेंट मोजून घेतला,
सोयरीक कापली जाऊ नये म्हणून."

तीन दिवस चाकू बाकावर पडून होता.
मी त्याला वळसा घालून इतर कामं केली.
एक कात्रीसुद्धा लावली धारेला, शेजारणीची,
तिने मागितलं नसताना.

शुक्रवारी लाकडी जबड्यांच्या शेगड्यात आवळला,
गोल कानस घेतली.
पहिल्या फेरीला शिंगाचा वास आला,
केस जळल्यासारखा.
मग पितळ लागलं, पिवळी धूळ
माझ्या बाहीवर, चष्म्यावर.
नऊशेचे सहाशे झाले,
चारशे,
मग मी मोजायचं सोडलं.
कडा गुळगुळीत केल्या जुन्या जीनच्या तुकड्याने,
बोटाला टोचू नये इतक्या.
रात्री उगाचच एक खोकं उघडून बसलो,
पुन्हा झाकलं.

शनिवारी बाजाराला न जाता मीच नेऊन दिला,
लॉरेल फोर्कच्या वरच्या अंगाला, चढ संपतो तिथे.
होबार्ट ओसरीवर होता, गुडघ्यांवर कांबळं.
काही बोलला नाही. त्याचं बोलणंही
फेब्रुवारीपासून तुटक झालंय.
खाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा,
दातांच्या फटीवरून जीभ फिरावी तसा.
चिमटीत धरलं. निसटलं.
पुन्हा धरलं.
टक्.
अर्ध्यावर थांबला. चाकूही, तोही.
टक्.

सफरचंद होतं टोपलीत, त्याकडे पाहिलंही नाही.
उघडा चाकू माझ्या हातात दिला.

या डोंगरात एक रीत आहे:
उघडा हातात आलेला चाकू उघडाच परत करावा,
ज्याने उघडला त्यानेच मिटावा,
नाहीतर दोघांचंही काहीतरी वाईट होतं.
काय होतं ते कुणी सांगत नाही.
मी पातं उन्हात धरलं, बरंय म्हणालो,
आणि उघडाच दिला.

व्हर्लीनने दारातून विचारलं, कॉफी ठेवू का.
मी तिला हातानेच थांब म्हटलं.
तो चाकू मिटत होता.