विषय क्रमांक सात

छत्तीस जण, थर्मासात कॉफी,
आणि इतिवृत्त लिहायला मी.
हॉर्सेन्सच्या रुळांपलीकडे आमच्या बागा :
प्रत्येकाला एक खोपटं, एक सफरचंदाचं झाड,
आणि कुंपण एक मीटर साठ. वर नाही.

विषय क्रमांक सात : हाजेर यांचा अर्ज.
कुंपण दोन मीटर वाढू द्यावं.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द : केस.

थोरकिल उठला. आवाज चढवला नाही त्यानं.
"आमचे आजे गिरणीत होते. ही जमीन
त्यांनी नगरपालिकेशी भांडून घेतली.
उंच भिंती मालकांच्या असायच्या.
आपलं बुटकं ठेवू, म्हणाले,
येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं, काय, कांदे कसे आलेत?
एवढंच आहे आमच्याकडे. ह्याला तुम्ही
संस्कृती म्हणा नाहीतर कांदे म्हणा."

मग लिव्ह. विद्यापीठात शिकते.
हा प्रश्न कुंपणाचा नाहीच, म्हणाली.
संरचना, बहुसंख्याक, अवकाश,
आणि तीनदा : "हाजेरसारख्या स्त्रिया".
हाजेर तिच्या शेजारीच बसलेली. एकटी.
सारख्या-बिरख्या कुणी नव्हत्या सोबत.

चौदा नंबरचा झोहेब म्हणाला, मला ह्यात धरू नका.
माझी आई ह्याच गावात बस चालवते, उघड्या डोक्यानं.
उद्या तिला कुणी विचारलं,
बाई, तुमचं कुंपण कुठंय, तर?

मी लिहिलं : मतं मांडण्यात आली.

हाजेर उभी राहिली.
तिच्या डॅनिशमध्ये क्रियापद अजून शेवटी येतं,
सगळे आत आले की दार लावावं तसं.
"थोरकिल, ग्रेथेचे केस गेले त्या उन्हाळ्यात
तुझं कुंपण वाढलं.
माझ्या डोक्याच्या वर गेलं.
कुणी मोजलं नाही.
मी त्याच्यावरून सूप देत होते.
तिचे हात तेवढे दिसायचे, भांडं घेताना."

कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवत राहिलं.

"ती आजारी होती," थोरकिल म्हणाला.
"हो. मी नाही.
मला फक्त केस उन्हात वाळवायचे आहेत.
बासष्ट वर्षांची आहे मी."
लिव्ह टाळी वाजवायला गेली,
एकाच टाळीनंतर थांबली.

बाजूनं सोळा. विरोधात एकोणीस.
एक तटस्थ.

खुर्च्या उचलताना थोरकिल जवळ आला.
तेवढं ग्रेथेचं नाव नको, म्हणाला, कागदावर.
मी खोडलं. मग सूपही खोडावं लागलं.
मग ते हात.
उरलं ते असं : चर्चेअंती अर्ज नामंजूर.
लोक म्हणतात कुंपण शेत खातं.
शेताचं माहीत नाही, इतिवृत्त खातं.

तटस्थ मी.
त्र्याण्णव साली बोस्नियाहून आले, शेफिका म्हणून.
सभासदपत्रावर सोफी आहे, कुणाच्या तरी सोयीनं,
मग माझ्याच.
माझे केस मोकळे, रंग इथल्यांसारखा,
ख्रिसमसला माझा केक पहिल्यांदा संपतो.
"तुमच्यासारखे सगळे असते तर," म्हणतात.
तीस वर्षं मी ते वाक्य
दोन्ही हातांनी घेते, गरम भांडं घ्यावं तसं,
आणि ठेवायला जागा शोधते.

रविवारी हाजेरनं दोरीवर चादर टाकली.
वाळत घातलेल्या चादरीला उंचीचा नियम नाही.
दुपार झाली, ती वाळतेच आहे.
थोरकिल दोनदा वाटेनं गेला.
कांद्यांचं काही विचारलं नाही.

मी माझ्या कुंपणाला सुतळी बांधली, कात्री घेतली.
एक मीटर साठ.
मी नेहमी दोन बोटं खालीच कापते.
तसं कुणी सांगितलेलं नाही.