धरणारे दोघे

ट्रेनिंगला आम्हा सगळ्यांना एकेकदा मारून दाखवली.
मुख्यालयाच्या मैदानावर निळी चटई,
दोन बाजूंना दोघी, काखेत हात घालून,
म्हणजे पडायचं नाही, टेकायचं.
डावीकडं शुभदा पोवार होती.
उजवीकडं कोण, ते आठवत नाही.

पाच सेकंद.
जीभ परक्या कुणाची तरी,
आणि मी हात पुढं करत होते जमिनीला,
म्हणजे मला वाटत होतं करतेय.
हात मांडीलाच चिकटलेले.
नंतर सगळ्या हसल्या, मीही हसले,
चहा आला. साहेब म्हणाले,
लाठीपेक्षा बरी, वळ उठत नाही.

तावडे हॉटेलच्या अलीकडं, गाळपाचे दिवस,
रात्रीचे पावणेआठ.
पोरगं उभ्या ट्रकची बॅटरी काढत होतं.
भंगारात बाराशेला जाते.
आम्हाला बघून बॅटरी टाकली अन् सुटलं,
पाना तेवढा हातात राहिला.
टाकायचं सुचलं नसेल.
रिपोर्टात त्याला हत्यार म्हटलंय.

पळायला मीही कच्ची नाही,
भुदरगडची आहे, शाळेला रोज दीड कोस.
सर्व्हिस रोड, रसाचा गाडा, कुणाची तरी उलटी लावलेली मोपेड,
कठड्यावरून उडी,
आणि समोर हायवे, पुण्याकडून येणारा सगळा उजेड अंगावर.
थांब, म्हणून ओरडले.
आणि तो थांबला.
पांढऱ्या पट्टीवर, एक टँकर जाऊ देण्यासाठी,
रस्ता ओलांडताना कुणीही शहाणा माणूस थांबतो तसा.
तेवढ्या थांबण्यात मी नेम धरला.

हात न पसरता पडला.
असं पडताना मी कुणाला बघितलं नव्हतं.
लहान मूलसुद्धा पडताना हात पसरतं,
दारू प्यालेला पसरतो.

मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मोठ्यानं गाणं.
ड्रायव्हरनं ब्रेक दाबला हो,
उभाच राहिला ब्रेकवर.
पण उसाला ब्रेक नसतो, तो मागून ढकलतच राहतो.
ट्रॅक्टर चुकला, पहिली ट्रॉली चुकली.

गाणं किती तरी वेळ चालू होतं.
दोन बारीक तारा माझ्या मुठीतून
त्याच्या पाठीपर्यंत अजून जोडलेल्या.
बटण मी सोडलं होतं.
बंदूक टाकायचं सुचलं नाही.

फॉर्म एका पानाचा आहे.
अंतर: चौदा फूट.
वापर: एक वेळ.
हत्यार चालले काय: होय.
परिणाम: परिणामकारक.
जागेला एकच ओळ, त्यात मी लिहिलं
‘राष्ट्रीय महामार्गालगत’.
लगत हा शब्द फार सोयीचा आहे.

ट्रॅक्टरवाला बीडकडचा, नाव भगीरथ आंधळे,
पहाटेपर्यंत ठाण्याच्या पायरीवर बसून होता.
येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचा,
आधीच पडला होता न्हवं त्यो?
आधीच न्हवं?

सीपीआरला गेले तेव्हा ड्यूटीवर नव्हते.
विश्वजित सुतार, वय एकोणीस,
डावा पाय गुडघ्यापर्यंत,
उशाला कुणीतरी आणलेली मोसंबी, एक अर्धी सोललेली.
साध्या ड्रेसवर मला ओळखायला वेळ लागला त्याला.
शिवी देईल असं वाटलं होतं. तयारीनं गेले होते.
म्हणाला,
मॅडम, त्ये आधी तुमास्नीबी मारून बघत्यात म्हणं?
म्हटलं, होय.
मग तुमी कसं पडला न्हाईसा?

दोघींनी धरलेलं, म्हटलं.

त्यानं मान हलवली,
पत्ता सापडल्यावर हलवतात तशी,
आणि मोसंबी माझ्याकडं सरकवली.

घरी येऊन शुभदाला फोन लावला.
त्या दिवशी माझ्या उजवीकडं कोण होती गं?
तिनं बराच विचार केला.
पाठीमागं कुकरची शिट्टी, तिची पोरगी पाढे म्हणत होती.
तिलाही आठवेना.