हातचा

आठ मतांनी पडलं विधेयक.
आठ म्हणजे किती, ते मला पार्किंगमध्ये कळलं:
माझ्या शाळेच्या बसमधल्या पुढच्या दोन रांगा,
एवढीच माणसं.

आता जानेवारी. लॉन्ड्रीच्या वरची खोली.
खाली ड्रायर गरगरतात आणि जमिनीतून कॉफीपर्यंत
एक बारीक थरथर चढत येते.
टेबलावर मतदारसंघांचा नकाशा,
गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर सूपचे डबे.
ऑरिन म्हणतो, आठ नाही, पाच.
तिकडचे पाच इकडे आले की झालं.
कोणते पाच ते सांगा. आणि रडायचं असेल
तर जिना उतरून; मशिनींच्या आवाजात ऐकू जात नाही.

टॅन्सी आधी प्रुइटवर बोट ठेवते.
आम्ही सगळ्यांनीच ठेवलेलं असतं, मनातल्या मनात.
चाळीस मिनिटं बोलला होता तो सभागृहात,
गुरांच्या रोगाबद्दल बोलावं तसा.
मी गॅलरीत हातमोजे पिळत बसले होते.
पण प्रुइट शंभरातली एकाहत्तर मतं नेतो,
त्याच्यासमोर अर्ज भरायला कुणी मिळत नाही.
ऑरिनची पेन्सिल त्याच्या नावावरून आडवी जाते.
ह्याच्यावर एक डॉलर नाही.
टॅन्सी उठून खिडकीपाशी जाते.
बावीस वर्षांची पोर. तिला कसं सांगायचं,
की ज्याचा सर्वांत जास्त राग येतो
तो बहुतेक वेळा आपल्या हाताबाहेरच असतो.

मग मॅकिनर्नी. शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात,
नाव पुकारलं तेव्हा बाथरूममध्ये. लिहा.
मग कालनोस्की, ज्याने आमची देणगी घेतली,
आभाराचं कार्डही पाठवलं, बर्फातल्या हरणाचं. लिहा.
मग नदीपलीकडचे दोघे. लिहा, लिहा.

पाचवं नाव कुणी घेईना.
लोरेन स्टेव्हली. मागच्या वेळी सहाशे अकरा मतांनी आलेली.
त्यातली बेचाळीस मी आणली होती माझ्या बसने,
वृद्धाश्रमातून, दोन खेपा करून, वॉकरसकट.
कुणी माझ्याकडे बघत नव्हतं,
म्हणजे सगळे माझ्याकडेच बघत होते.

विल्मा आयसीयूत होती तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली,
फक्त घरची माणसं.
एकतीस वर्षं एका टेबलावर जेवलेलो आम्ही.
लोरेनने तिच्या ऑफिसातून एक फोन केला आणि दार उघडलं.
मला नऊ तास मिळाले.
दफनानंतर ती नूडल्सचं भांडं घेऊन आली,
काचेचं, बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर तिचं नाव.
आणि डिसेंबरात, नाव पुकारल्यावर,
स्वतःच्या पेनाकडे बघत ती म्हणाली, नाही.

कुऱ्हाडीचा दांडा कोण, ती की मी?
मी बराच वेळ सूपच्या डब्यावरची अक्षरं वाचत राहिले.
शाळेत बेरजेला हातचा एक मी नेहमी मनात धरायचे,
कागदावर लिहायचे नाही,
आणि उत्तर चुकायचं. बाई विचारायच्या, हातचा कुठे गेला?
लोरेन आमची हातची होती.
तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.
धरूनच चाललो होतो.

पेन्सिल मागून घेतली.
स्टेव्हली लिहिताना ई दोनदा खोडावी लागली,
मग माझ्याच बोटांनी जमलं.
खाली कुणाचा तरी ड्रायर थांबला.
खोली एकदम इतकी स्थिर झाली
की ऑरिनने वर पाहिलं.

रविवारी तिच्याकडे जाणार आहे.
उमेदवार ठरण्याआधी, पत्रकं छापण्याआधी,
तिला माझ्याच तोंडून कळलेलं बरं.
भांडंही द्यायचंय, तीन वर्षं झाली.
घासून ओट्यावर पालथं घातलंय.
आई म्हणायची, कुणाचं भांडं रिकामं परत करू नये.
आज गुरुवार. अजून काही सुचलेलं नाही.