जुळणी

पुण्याचे मेहेंदळे आलेत उद्यमनगरात,
खिशात भिंग, हातात टॉर्च,
पँट मळू नये म्हणून गुडघ्याखाली कालचा पेपर.
गाडी डॉज चार्जर, अडुसष्टची.
हिंदुराव इंगवल्यांनी शूटिंगसाठी आणलेली.
शूटिंग झालंच नाही, गाडी राहिली.
आता नातू विकतोय.

काचेखालच्या पट्टीवरचा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला,
शेवटचे सहा पुन्हा एकदा वाचले,
मग बॉनेटखाली शिरले कमरेपर्यंत
आणि बराच वेळ आतून आवाज नाही.
"रॉकेल आहे का जरा?"
मी चिंधी भिजवून दिली.
काजळी निघाली, तेलाचा थर निघाला,
खाली

९०३६१७

आकडा तोच.
पण आपला, शाळेच्या पाटीवरचा,
मधोमध तीन आणि सहा
एकमेकांकडं पाठ करून बसलेले.

"डेट्रॉईटमध्ये असं कोण मारेल, बाई?"
डेट्रॉईटमध्ये नाही, म्हटलं.
तुम्ही उभे आहात तिथून चार पावलांवर.
बाबालाल शिकलगार. माझा बाप.

एकोणऐंशी साली कात्रजच्या चढाला
पाणी संपलं आणि ब्लॉक उभा चिरला.
अमेरिकेला पत्र गेलं. उत्तर आलं नाही.
बाप म्हणाला, ओततो.
लोक हसले. आठ सिलिंडर, त्यात पाण्याच्या वाटा,
हे काय उसाच्या चरकाचं दातेरी चाक आहे?
गाभ्याच्या वाळूत त्यानं काकवी कालवली,
भट्टीपाशी गुऱ्हाळासारखा वास, आम्ही पोरं नाकं वर करून.
पहिला फुगला. दुसऱ्याला भोक.
तिसरा चांगला दिसत होता, म्हणून त्याला जास्त शिव्या बसल्या.
चौथा धरला.

मग आकडा मारायची वेळ.
इंग्रजी पंचांचा संच शेजारी झाकीरचाचाकडं होता, मागितला असता तर मिळाला असता.
बापानं स्वतःचे काढले, पोलादाच्या दांड्यांवर कानशीनं कोरलेले.
इंग्रजीत सहा उलटा धरला की नऊ होतो,
एका पंचात दोघांचं भागतं.
आपल्यात तसं नाही, प्रत्येकाला आपापला दांडा लागतो.
नऊचा त्या दिवशी टवका उडाला,
त्याची शेपटी कायमची तुटकी.

मी नऊ वर्षांची, टॉर्च धरून.
विचारलं, असा का मारलासा?
"त्यांच्यासारखा मारला तर बनवाबनवी हुतीया.
आन् मारलाच न्हाई, तर गाडीला वाटंल
हे काळीज कुणा भलत्याचंच."
एवढंच. मग तंबाखू मळायला बसला.

मेहेंदळ्यांनी ऐकलं सगळं. माणूस वाईट नाही.
ब्लॉकवरून हात फिरवला, दोनदा.
तरी फॉर्मवर रकाना एकच होता,
जुळतो किंवा जुळत नाही,
आणि त्यांनी लिहिलं ते लिहिलं.
किंमत एका शाईच्या रेघेत तिसऱ्या हिश्श्यावर आली.

ते गेल्यावर नातवानं पिशवीतून डबी काढली.
लक्ष्मीपुरीतून आणलेला नवा संच, प्लॅस्टिकची चकचकीत डबी.
"मावशी, दहा मिनटाचं काम. ग्राइंडर फिरवायचा,
वर इंग्रजीत. दुसरा तपासनीस मुंबईचा बघू.
निम्मे तुमचे."

दुकानाचं भाडं थकलंय, हे त्याला ठाऊक आहे.
मला तर आहेच.
लेथवरच्या पोरानं माझ्याकडं बघितलं, मशीन बंद न करता.

मी चहा सांगितला. तीन.
चहा येईपर्यंत आरटीओचा एजंट करतो तसं केलं,
पातळ कागद आकड्यावर धरून पेन्सिल आडवी घासली.
एकेक उमटत गेला,
शून्य जरा कलंडलेला, सात खोल,
एकाच्या डोक्यावर हातोडी दोनदा पडलेली.
नातू ग्राइंडरची वायर हातात घेऊन उभा.
"मग?"

मी कागद घडी करून ब्लाउजात ठेवला.
त्याला म्हटलं, चहा घे आधी, निवतोय.

रात्री शटर ओढलं, लाइट गेलेली होती.
बॉनेटखाली हात घातला.
डोळ्यांनी वाचायची गरज नाही,
बोट चालत राहतं थंड लोखंडावर,
पण सुरुवातीलाच, त्या तुटक्या शेपटीच्या नऊपाशी,
थोडं अडतं.