हमीपत्र

मी, तेजल बाजीराव शेलार, एफ.वाय.,
राहणार माथाडी वसाहत, कोपरखैरणे,
लिहून देते की
सांगितलं जाईल तेवढंच लिहीन,
माझ्या मनाचं काही घालणार नाही.
खाली माझी सही. शेजारी सरांच्या सहीची जागा,
ती कोरीच. सर चहाला गेलेले.

खोली जिमखान्याची.
आम्ही बोलणार, बाकीच्यांना त्रास नको, म्हणून.
कॅरमबोर्ड भिंतीला टेकून उभे,
खिडकीत पारसिकचा डोंगर,
जिथून कापलाय तिथून पांढरा.

यल्लव्वा मल्लेश धोत्रे, टी.वाय., राज्यशास्त्र,
तुर्भ्याच्या खाणीवरून आलेली.
तिनं आधी टेबलाच्या कडा चाचपल्या,
मग उत्तरपत्रिका, मग माझी बोटं.
"गार पडलीयेस की. परीक्षा माझी आहे गं."

ती विरामचिन्हांसकट बोलते.
स्वल्पविराम. नवा परिच्छेद.
अधोरेखित कर, पट्टीनं, हातानं नको.

प्रश्न तिसरा, गुण दहा:
संधीची समानता, सोदाहरण.

"लिही. माझा बाप खडी फोडतो, पूर्णविराम.
टाकीचे घाव सोसले की दगडाला देवपण येतं म्हणतात, पूर्णविराम.
आमच्या खाणीत इतके घाव पडले, स्वल्पविराम,
देव एकही निघाला नाही, स्वल्पविराम,
सगळी खडीच निघाली, पूर्णविराम.
तिच्यावरून तुम्ही गाड्या नेता, पूर्णविराम.
नवा परिच्छेद.
संविधानाच्या कलम पंधरानुसार नोकरीतली समान संधी"

माझं पेन थांबलं.
सोळा.
मागच्याच आठवड्यात मी ते
गोणी शिवत बसलेल्या आईला म्हणून दाखवलं होतं.

"थांबलीस."

पंखा फिरत होता.
गप्प बसावं की बसू नये
याबद्दल हमीपत्रात काही नव्हतं.

"चुकलं असणार माझं. सांगू नकोस.
लहानपणापासून सगळे माझं बरोबर करून देत आलेत.
माशातला काटा काढून,
ओढणीची पिन लावून,
माझं वाक्य माझ्याआधी संपवून.
पंधरा लिही.
चूक असली तर माझ्या नावावर पडू दे."

माझा बाप कांदा-बटाटा मार्केटात
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो,
आधी गुडघ्यात वाकतो, एक श्वास आत ठेवतो.
मी पंधरा
तसा लिहिला.

घंटा झाली. वरचे वर्ग जिन्यावरून खाली ओतले गेले,
कुणाला काय आलं, कुणाला काय नाही, सगळा गलका.
लोखंडे काका कुलूप घेऊन दारात.
"चला, आवरा."
"काका, पन्नास मिनिटं आहेत माझी."
"कुणी दिली?"
"दिली नाहीत. आहेत."

मी कंपासपेटीतून घडी घातलेला कागद काढला.
त्यांनी तो चष्म्याशिवाय लांब धरून वाचला,
उलटा करून मागचंही पाहिलं.
"आम्हाला कुणी सांगतच नाही," म्हणाले,
आणि कुलूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले.

"तिसरा प्रश्न वाचून दाखव."

वाचला. किराणा मालाची यादी वाचावी तसा,
कुठल्याच शब्दावर आवाज टेकू न देता.
पंधरा आला. पंधरा गेला.
तिनं मान किंचित तिरकी केली.
कळलं होतं का तिला?
मला आजही सांगता यायचं नाही.

"एक बदल कर.
खडीच्या वाक्यात 'तुम्ही गाड्या नेता' आहे ना,
ते खोड. एकाच रेघेत, गिरगटू नकोस.
तिथं 'आपण सगळे जातो' कर.
मीपण सकाळी त्याच रस्त्यानं रिक्षेत बसून आले."

मी एक रेघ मारली. वरच्या मोकळ्या जागेत
बारीक अक्षरात
आपण सगळे मावलं,
'जातो' थोडं समासात गेलं.

"आणि ते कलम?" माझ्या तोंडून निसटलंच.

"पुढचा प्रश्न," यल्लव्वा म्हणाली. "वेळ जातोय माझा."