छाट

तिचं नाव इथे लिहिणार नाही.
कायद्यानेच बंदी आहे, आणि मलाही ते बरं वाटतं,
तिची एक तरी गोष्ट तिच्यापाशी राहिली.
अकरा वर्षांची. विडी घरकुलातली.
सोलापूरच्या कोर्टात ती नि आरोपी यांच्यामधे हिरवा पडदा,
पडद्याअलीकडे ती, मागे बाकावर तिची आई,
आणि मी, अनसूया अंकम,
दुभाषी, तेलुगू ते मराठी,
भत्ता दिवसाचा, शपथ दर वेळी नवी.

तो काय म्हणाला?
‘रा,’ ती म्हणाली.
‘ये,’ मी म्हणाले.
एवढंच. एका अक्षरात अख्खं आमिष.
आमच्यात आई जेवायला हाक मारते तीसुद्धा हीच.

आरोपपत्रात शब्द होता ‘फूस लावून’.
आदल्या रात्री मी त्याला तेलुगू शोधत बसले होते.
फूस. फुंकरीसारखा वाटतो,
भाजल्यावर घालतात ती नव्हे,
निखाऱ्यावर घालतात ती.

चॉकलेट दिलं का? नाही.
पैसे? नाही.
मग?
ती बराच वेळ पडद्याची शिवण बघत होती.
‘त्याने विचारलं, बोटं दुखतात का.’
मी भाषांतर केलं.
मागे बाकावर तिच्या आईने पदर तोंडाला लावला.
हजार विड्यांच्या मागे धावणाऱ्या घरात
हा प्रश्न कुणी विचारायचा, आणि कधी?

बचावाचे वकील उठले.
तू आपणहून गेलीस ना?
ती पटकन म्हणाली, ‘अवुनु.’
मी घसा खाकरला.
एखादं अक्षर सांडलं असतं तर कुणाला कळणार होतं?
पण शपथ होती. म्हणाले, ‘हो.
गाडीवर पाय मीच टाकला.
स्टेशनपर्यंत मी गाणं म्हणत होते.
हैदराबादच्या गाडीत खिडकी मिळेल, असं तो म्हणाला होता.’
वकील बसले, जिंकल्यासारखे.

साहेबांनी मान वर केली नाही.
लिहून घ्या, म्हणाले.
पण अठराच्या आतल्या मुलाचा होकार
या कलमात धरला जात नाही.
पालकांच्या ताब्यातून नेलं की नाही, तेवढं बोला.

धरला जात नाही.
हे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे.
आई माल घेऊन कारखान्यात जायची, मी मागे टोपली धरून.
चेकर कट्टा सोडायचा, बोटाने चाळायचा,
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड नीट मुडपलेलं नाही.
छाट.
छाटीला मजुरी नाही,
आणि छाटलेली विडी परतही नाही.
शाळा सोडणार नाही, म्हणाले होते मी. छाट.
त्याच्याशी लग्न नको, म्हणाले होते. छाट.
आमच्या गल्लीत बायकांचे ‘नाही’ असे ढिगाने पडलेले असायचे.
आज पहिल्यांदा कुणीतरी एक ‘हो’ छाटला
आणि एक पोर वाचली.
ज्याने कुणी ते कलम लिहिलं
त्याने मांडीवर सूप घेतलं नसेल कधी,
तरी त्याला कळलं होतं
की भुकेला विचारलं तर ती हो म्हणते.

दुपारी सुटी झाली.
तिने माझा पदर ओढला.
‘मी बोलले ते लिहिलं का?’
लिहिलं.
‘मग धरलं का नाही?’
हे कामकाजात नव्हतं, याची शपथ नव्हती.
मी म्हटलं, सरकारने ठेवून घेतलंय,
तू अठराची होईपर्यंत.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं चेकरकडे बघतात.

बाहेर कडुनिंबाखाली तिघी बसची वाट बघत बसलो.
तिची बोटं मांडीवर चालूच होती,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
नुसती वळत, मुडपत, बांधत.
माझ्या तोंडून निघून गेलं,
‘दुखतात का गं?’

तिने हात मागे घेतले
आणि आई किती लांब बसलीय, ते बघितलं.