शेपूट

हमरियात, तिसऱ्या मजल्यावर, सहा खाटांच्या खोलीत
परकारने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला:
"ही पाल बघ. हसून मरशील."

पाल माझी होती.
डक्टमध्ये राहणारी, नाव कमळजा, वय लपवणारी,
अख्ख्या रुवीच्या एसीतून
कोण रडतं, कोण घोरतं, कोण पगार पुन्हा पुन्हा मोजतं
हे बघत फिरणारी.
दिवसा मी रुसैलच्या कंपनीत डक्टची ड्रॉइंगं काढतो,
चारशे बाय दोनशे, पत्रा चोवीस गेज.
रात्री त्याच डक्टमध्ये तिला सोडतो.
दर गुरुवारी चार चौकटी, तीन वर्षं.
खोलीत कुणाला सांगितलेलं नाही,
कारण तिसऱ्या चौकटीत जो घोरतो
तो परकारच आहे.

"कुठे मिळालं हे?"
"ॲप आहे. फुकट. शंभर कॉमिक एका जागी,
आणि मुख्य म्हणजे जाहिरात नाही. एकदम स्वच्छ."

होतं खरं स्वच्छ.
माझ्या पानावर वरच्या अंगाला
गावी पैसे पाठवणारी कंपनी असते,
खाली केसगळतीचं तेल,
मधूनच उडी मारणारा हप्त्यावरचा फ्रिज.
मला तरी कुठे आवडतात?
पण महिन्याअखेर हीच मंडळी मिळून
अकरा रियाल चारशे बैसे टाकतात.
त्यात ड्रॉइंगच्या पॅडचा हप्ता जातो
आणि उरलेल्यात एक शोरमा, लसूण जास्त.

इथे पांढऱ्यावर नुसती कमळजा.
चौथ्या चौकटीच्या कोपऱ्यात
तिच्या शेपटीला गुंडाळून मी माझं नाव लिहितो.
तिथवर पान कापलेलं.
पाल शेपूट टाकते ते जीव वाचवायला,
हिचं कुणी कापलं ते वाचकाचे डोळे वाचवायला.
मनात पाल चुकचुकते म्हणतात.
माझी तर चुकचुकलीसुद्धा नाही.

मनामाच्या लेटिसियाची नर्स
रात्रपाळीत भुतांचं बीपी तपासते.
तिची दोनशे पानं तिथे.
शारजाच्या हिशामचा उंट
गाडीच्या परवान्याला सातव्यांदा नापास झालाय.
तोही तिथे, दाढी न कापता, एवढंच.
तीन भाषांतला राग
एका मोडक्या इंग्रजीत बसवून आम्ही पत्र धाडलं.
उत्तर आलं, फार नम्र:
आम्ही कुणाचं काही घेत नाही,
वाचकाच्या घासातले खडे तेवढे वेचतो.

खरं आहे.
तांदूळ घेऊन गेले,
वेचलेले खडे माझ्याकडे ठेवले.
आता तेल आणि फ्रिज माझ्या ओस पानावर
एकमेकांनाच माल विकत बसतात.

शुक्रवारी, भात खाऊन झाल्यावर, न राहवून
परकारला सांगून टाकलं.
तो आधी घोरण्यावर आला. "म्हणजे हा मी?"
मग बराच वेळ बोटाने चटईची काडी उसवत राहिला.
बावीस वर्षं लोकांचे एसी धुतो तो.
एकदा अल खुवैरच्या एका बंगल्यात
नऊ एसी धुऊन घेऊन मालकाने थंड पाणी पाजलं होतं,
फक्त पाणी.
"तुझी खरी जागा कुठली? लाव."

लावली. फ्रिजने उडी मारली.
परकारचं बोट सवयीने फुलीकडे गेलं, अर्ध्यात थांबलं.
मांडी घालून, चष्मा पुसून
त्याने अख्खा फ्रिज बघितला,
दार, बर्फाचा कप्पा, दहा वर्षांची हमी.
मग केसांचं तेल बघितलं.
त्याच्या डोक्यावर एक केस नाही.

"किती झाले?"
"अर्धा बैसा असेल."
"थांब मग," म्हणाला,
आणि पहिल्यापासून पुन्हा लावलं.

एसीच्या मागे काहीतरी चुकचुकलं.
परकारने मान वर न करता दटावलं,
"गप गं. जाहिरात चालू आहे."